पाटीवरचा अनुस्वार का विझतो?

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला एखाद्या बाजारपेठेतून चक्कर मारावी आणि मान वर करून दुकानांच्या पाट्या वाचाव्यात. ‘आनंद’ची पाटी ‘आनद’ झालेली असते, कारण अनुस्वाराचा दिवा गेलेला असतो. पलीकडच्या ‘श्री’ची वेलांटी अर्धी लख्ख, अर्धी मलूल. आणखी पुढे अक्षरे पेटलेली असतात, पण त्यांच्या पोटात उजेडाचे ठिपके मोजून घ्यावेत इतके स्पष्ट दिसतात. पाटी बसवून अनेकदा वर्षही झालेले नसते.

हा प्रश्न आज महाराष्ट्रात लाखो दुकानदारांचा आहे. २०२२ साली राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि लहानमोठ्या सर्व दुकानांना देवनागरी लिपीतली मराठी पाटी बंधनकारक झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. गावोगावी पाट्या बदलल्या, मोठी झाली ती मराठी अक्षरे. ती रात्रीही नीट वाचता यावीत, हे काम अक्षरांच्या पोटात दडलेल्या बोटभर वस्तूचे असते. तिला म्हणतात एलईडी मॉड्यूल.

मॉड्यूल हातात घेतले तर त्यात फारसे काही दिसत नाही. प्लास्टिकची छोटी वडी, तिच्यात सहसा तीन एलईडी, एक रोधक म्हणजे रेझिस्टर, दोन्ही बाजूंना लाल-काळी वायर आणि पाठीला चिकटपट्टी. अशी वीस-वीस मॉड्यूल एका माळेत येतात आणि १२ व्होल्टच्या डीसी पुरवठ्यावर चालतात. एलईडीवर ‘२८३५’ असा आकडा सांगितला जातो. तो काही गुणवत्तेचा शिक्का नव्हे. दिव्याची मापे २.८ मिलिमीटर आणि ३.५ मिलिमीटर, एवढाच त्याचा अर्थ. त्याच मापात उत्तम दिवाही बसतो आणि टाकाऊही.

या चिमुकल्या दिव्यामागे मोठे विज्ञान उभे आहे. प्रकाशित पाट्यांचा जमाना गाजवला तो निऑनच्या नळ्यांनी. फ्रेंच संशोधक जॉर्ज क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनचा उजेड लोकांना दाखवला. पण निऑनला हजारो व्होल्ट लागतात आणि काचेची नळी वाकवणारा कसबी हात लागतो. पुढे फ्लेक्सच्या पेटीत ट्यूबलाइट आल्या. लाल एलईडी १९६२ पासून होता, अडले होते ते निळ्यापाशी. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी ते कोडे सोडवले आणि त्यासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. पाटीतला पांढरा एलईडी खरे तर निळाच असतो. त्याच्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप असतो. निळ्याचा काही भाग लेपात शोषला जाऊन पिवळा होऊन बाहेर पडतो, आणि उरलेला निळा व हा पिवळा मिसळून डोळ्याला पांढरे दिसते. बंद मॉड्यूलवरचे हळदीच्या रंगाचे ठिपके म्हणजे हाच लेप.

आता पेटलेल्या अक्षरांत दिसणाऱ्या ठिपक्यांची गोष्ट. अक्षराचा डबा खोल किती आणि दोन मॉड्यूलमधले अंतर किती, या दोन मापांच्या गुणोत्तरावर सारे अवलंबून असते. लेन्स नसलेल्या दिव्यांची एक सरळ रांग धरून गणित मांडले तर निकाल डोळे उघडणारा आहे. अंतर खोलीइतकेच ठेवले, म्हणजे तीन इंच खोल डब्यात तीन-तीन इंचांवर दिवे लावले, तर दोन दिव्यांच्या मधल्या जागी उजेड जेमतेम पाच टक्क्यांनी कमी भरतो. डोळ्याला ते कळतही नाही. अंतर खोलीच्या दीडपट केले की हीच घट पाव हिश्शाच्या पुढे जाते. दुप्पट केले की मधल्या जागी निम्म्याहून कमी उजेड उरतो, आणि मग अक्षराच्या तोंडावरचे दुधी अ‍ॅक्रिलिकही तो पट्टा झाकू शकत नाही. म्हणून मॉड्यूलवर पसरट प्रकाश टाकणारी लेन्स बसवतात. ती समोरचा उजेड थोडा कमी करून बाजूला ढकलते, त्यामुळे उथळ डब्यातही अंतर वाढवता येते. पाटी बारीक, नाजूक, भिंतीलगत हवी असेल तर दिवे जास्त किंवा लेन्स चांगली, यांपैकी एकाचे पैसे मोजावेच लागतात.

देवनागरीत हे गणित आणखी रंगते. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यामुळे प्रत्येक अक्षराला मागून स्वतंत्र भोक आणि स्वतंत्र वायर लागते. मराठी शब्द शिरोरेखेने बांधलेला असतो. सगळा शब्द म्हणजे एकच लांब डबा आणि शिरोरेखा हा वायर नेण्याचा आयता बोगदा. कुशल कारागीर माळ शिरोरेखेतून नेतो आणि तिथून एकेक फांदी काना-मात्रांत उतरवतो. मात्र काना जिथे शिरोरेखेला भिडतो तिथे दोन रांगा एकत्र येऊन उजेडाची गाठ पडते. तिथले एक मॉड्यूल कमी करावे लागते. ‘ळ’च्या दोन वळशांत आणि ‘श्र’च्या बाकात आतल्या अंगाला दिवे दाटतात, बाहेरचा कडेचा भाग उपाशी राहतो. उकाराची शेपटी तर इतकी निमुळती होते की तिथे नेहमीचे मॉड्यूल मावतच नाही. छोटे एका दिव्याचे मॉड्यूल किंवा एलईडीची पट्टी वापरावी लागते. संगणकावर इंग्रजी अक्षरांसाठी बनवलेली मांडणी तशीच मराठीला लावली की पाटी विद्रूप होते. ज्या लिपीसाठी एवढा कायदा झाला, तिच्या वळणांना कारखान्यात अर्धा तास जास्त मिळायलाच हवा.

आणि अनुस्वार? तो शिरोरेखेपासून सुटलेला. त्याला वेगळे भोक, वेगळी जोड-वायर आणि पोटात एकच मॉड्यूल. बरेचदा ते माळेच्या अगदी शेवटी असते. त्याचा सांधा सैल झाला की त्याच्या मदतीला शेजारी कोणी नसतो. काना-मात्रेतला एक दिवा गेला तर शेजारचे सांभाळून घेतात. अनुस्वार गेला की शब्दच बदलतो.

माळेच्या शेवटी असण्याचा आणखी एक तोटा आहे, आणि तो ओहमच्या नियमातून येतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. तिघे एकापाठोपाठ जोडले की झाले ९. उरलेले ३ व्होल्ट रोधक खातो आणि त्यांची उष्णता करतो. म्हणजे एक चतुर्थांश वीज उजेड न देताच जाते, पण प्रवाह ताब्यात राहतो. मॉड्यूल ०.७२ वॅटचे असेल तर १२ व्होल्टला त्यातून ६० मिलिअँपिअर प्रवाह जातो, म्हणजे रोधक ५० ओहमचा. आता वायरमध्ये दाब गळून १२ चे ११ व्होल्ट झाले. रोधकाच्या वाट्याला ३ ऐवजी २ व्होल्ट आले आणि प्रवाह ४० मिलिअँपिअरवर आला. दाब फक्त आठ टक्क्यांनी घटला, उजेड मात्र एक तृतीयांशाने गेला.

हे कागदावरचे उदाहरण नाही. साडेसात सेंटिमीटरवर एक अशी ८० मॉड्यूल लावली की माळ सहा मीटर होते. तिची वायर ०.३३ चौरस मिलिमीटरची असेल आणि वीज एकाच टोकाने सोडली असेल, तर दुसऱ्या टोकाला बरोबर हीच अवस्था येते. तीच वीज मधोमध सोडली तर टोकांवरची उजेडाची घट बारा टक्क्यांच्या आसपास थांबते. खर्च काय, तर दोन-तीन मीटर जादा वायरचा. अर्धी लख्ख आणि अर्धी मलूल वेलांटी जिथे दिसते तिथे बहुतेक वेळा मॉड्यूल निर्दोष असतात, जोडणी आळसाने केलेली असते. मल्टिमीटरची दोन टोके शेवटच्या मॉड्यूलच्या वायरीला लावली की एका मिनिटात सत्य कळते. लांब पाटीसाठी २४ व्होल्टची मॉड्यूल घ्यावीत. तेवढ्याच वॅटला निम्मा प्रवाह लागतो आणि वायरमधली वाया जाणारी वीज चौथाईवर येते.

पुरवठ्याचा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो नेमका लागेल तेवढाच घेणे ही नेहमीची चूक. क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच भार टाकावा असा नियम कारागीर पाळतात, आणि त्याला शास्त्रीय आधार आहे. या डब्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ढोबळ ठोकताळा आहे. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. भिंतीवर तापलेल्या पत्र्याच्या पेटीत काय होत असेल, याचा विचार डबा निवडताना करावा.

मॉड्यूलच्या खोक्यावरचा ‘५० हजार तास आयुष्य’ हा दावाही नीट समजून घ्यायला हवा. एलईडी एकदम विझत नाही, हळूहळू मंदावतो. मूळ उजेडाच्या ७० टक्क्यांवर यायला लागणारे तास म्हणजे त्याचे आयुष्य. हे मोजण्यासाठी एलईडीची किमान ६ हजार तास चाचणी घेतात आणि पुढचा अंदाज गणिताने बांधतात. त्या गणिताची मर्यादा ठरलेली आहे, चाचणीच्या जास्तीत जास्त सहापट. ६ हजार तासांच्या चाचणीवर ३६ हजारांपुढचा दावा करता येत नाही. शिवाय चाचणी एकट्या एलईडीची होते, पूर्ण मॉड्यूलची नव्हे. रोज सहा तास पेटणाऱ्या पाटीला ५० हजार तास म्हणजे जवळपास २३ वर्षे. पाटी त्याआधीच मरते. मारणारे असतात पाणी, गंजलेले सांधे आणि पुरवठा.

पाण्याबाबत ‘आयपी’चे आकडे पाहावेत. ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याची धार सोसते. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवले तरी चालते. कोकण आणि मुंबईतल्या पावसासाठी ६७ घेणेच शहाणपणाचे. पण मॉड्यूल कितीही पक्के असले तरी दोन माळा जिथे पिळून जोडतात तो सांधा उघडाच राहिला तर उपयोग नाही. अक्षराच्या डब्याच्या तळाला पाणी गळून जाण्यासाठी बारीक भोके हवीत. सांधे बंद करायला वापरतात ते सिलिकॉनही पारखून घ्यावे. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन घट्ट होताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडते, आणि ते तांब्याला खाते. पावसापासून वाचवायला लावलेला लेपच आतून वायर सडवतो. बिनआम्लाचे सिलिकॉन थोडे महाग मिळते, पण मिळते.

रंगाच्या बाबतीत मुंबईने एक धडा घेतलेला आहे. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवरचे सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले, तेव्हा ‘राणीचा हार’ म्हणून ओळखली जाणारी ती दिव्यांची रांग निस्तेज झाल्याची ओरड झाली आणि पुढे उबदार पिवळ्या छटेचे दिवे आणावे लागले. पाटीसाठी सरसकट ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश दिला जातो. औषधाच्या दुकानाला तो शोभतो, मिठाईच्या किंवा सराफी दुकानाला ३००० केल्विनचा उबदार प्रकाश शोभतो. लाल अ‍ॅक्रिलिकमागे पांढरी मॉड्यूल लावणे तर सरळ नुकसान आहे. लाल अ‍ॅक्रिलिक पांढऱ्यातला निळा-हिरवा गिळून टाकते, आणि पांढऱ्या एलईडीत मुळात लाल कमीच असतो. तिथे लाल मॉड्यूलच हवीत.

मग भाव कसा ठरवावा? पाटीवाला अक्षरांचा दर उंचीच्या इंचावर सांगतो आणि दुकानदार विचारतो, “मॉड्यूल कितीचं लावणार?” या प्रश्नात वॅटही नाहीत आणि ल्यूमेनही नाहीत. वॅट म्हणजे खाल्लेली वीज, ल्यूमेन म्हणजे दिलेला उजेड. हिशेबापुरते एक उदाहरण घेऊ. १२० मॉड्यूलची पाटी आहे. एक मॉड्यूल १० रुपयांचे, १.५ वॅट घेऊन ९० ल्यूमेन देणारे. दुसरे २२ रुपयांचे, ०.८ वॅटमध्ये तेवढाच उजेड देणारे. खरेदीत फरक १,४४० रुपयांचा. पाटी रोज सहा तास पेटते, पुरवठ्याची कार्यक्षमता ८५ टक्के आणि युनिटचा दर १२ रुपये धरला, तर पहिल्या पाटीला वर्षाला सुमारे ४६४ युनिट लागतील, दुसरीला २४७. वर्षाचा फरक २,६०० रुपयांचा. जास्त दिलेले पैसे सात महिन्यांत वसूल. वर पहिलीला २२५ वॅट क्षमतेचा पुरवठा हवा, दुसरीला १२० वॅटचा पुरतो. यात अजून शिडी, दोन माणसे आणि अर्ध्या दिवसाची दुरुस्तीची फेरी धरलेलीच नाही, आणि मॉड्यूलमागची बारा रुपयांची बचत संपवायला एक फेरीही पुरेशी असते.

उलटही खरे आहे. महाग मॉड्यूल खच्चून भरली म्हणजे पाटी चांगली, असे नाही. उजेड दुप्पट केला तरी डोळ्याला तो दुप्पट वाटत नाही. अतिप्रखर अक्षरांच्या कडा रात्री पसरतात आणि ‘घ’ आणि ‘ध’ दुरून ओळखेनासे होतात.

कोटेशन घेताना म्हणून काही गोष्टी लिहून घ्याव्यात: मॉड्यूलचे वॅट आणि ल्यूमेन, केल्विन, आयपीचा आकडा, पुरवठ्याची क्षमता, वीज किती जागी सोडणार, आणि हमी फक्त मालाची की वर चढून बदलण्याच्या मजुरीचीही. एक मागणी आणखी करावी. पांढऱ्याची छटा लॉटगणिक थोडी बदलते, आणि दोन वर्षांनी आणलेले मॉड्यूल जुन्यांत ठिगळासारखे दिसते. त्याच लॉटमधली दहा मॉड्यूल आताच जास्तीची घ्यावीत आणि चिठ्ठी लावून गल्ल्याखालच्या खणात ठेवावीत. त्यातले एक अनुस्वाराला लागेलच.