डोळ्यात गेले ते नेमके काय होते?

या सदरात आपण आजवर रक्तदाब, मधुमेह, अनिवासी खाती, विम्याचे हप्ते असे विषय वाचत आलो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तो आरोग्याचाही आहे आणि पैशाचाही. मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्रज्ञही नाही. मी संगणक अभियंता आहे आणि मोहम्मद बिन झायद सिटीत, शाबिया भागात राहतो. पलीकडेच मुसफ्फा आहे. तिथली गॅरेजे, रंगाची गोदामे, फॅब्रिकेशनची वर्कशॉप्स आपल्याला पाठ आहेत, कारण आपल्यापैकी अनेक घरांतला कर्ता माणूस रोज सकाळी तिकडेच जातो.

आमच्या इमारतीत सांगलीकडचे एक दादा राहतात. एसी दुरुस्तीचे काम करतात. गेल्या उन्हाळ्यात एका ठिकाणी कॉइल धुताना फवारा जाळीवर आपटून त्यांच्या उजव्या डोळ्यात उडाला. पिण्याच्या पाण्याची अर्धी बाटली डोळ्यावर ओतून त्यांनी काम संपवले. संध्याकाळी वहिनींनी दार ठोठावले तेव्हा दादांना डोळा उघडता येत नव्हता. मी त्यांना गाडीत घालून इस्पितळात नेले. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "आत गेले ते आम्ल होते की अल्कली?" दादांकडे होती ती पाण्याचीच एक बाटली, मोठ्या कॅनमधून ओतून घेतलेली. वर चिठ्ठी नाही, नाव नाही. "क्लीनर होता," एवढेच ते सांगू शकले.

डॉक्टरांनी खालची पापणी ओढून कागदाची एक पट्टी आत टेकवली. आपण शाळेत लिटमस वापरायचो ना, त्यातलाच प्रकार. निरोगी डोळ्यात पीएच ७च्या आसपास असतो. पट्टी गडद निळी झाली. म्हणजे अल्कली, आणि तीही इतक्या तासांनंतर शिल्लक. मग सलाइनच्या बाटल्या लावून डोळा धुणे सुरू झाले. थोड्या वेळाने पट्टी, पुन्हा धुणे, पुन्हा पट्टी.

मला खरी लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. त्याआधी काही महिने मी औद्योगिक रसायनांची सुरक्षा माहितीपत्रके तयार करणाऱ्या एका प्रणालीवर काम करत होतो. कोणते द्रावण डोळ्याला किती घातक हे ठरवण्याचे नियम मी स्वतः संगणकात लिहिले होते आणि शेजारच्या माणसाला त्यातले एक अक्षर सांगितले नव्हते. म्हणून हा लेख.

प्रथम दोन शब्द समजून घेऊ. त्वचेवर लाली, सूज, चुरचुर येते आणि काही दिवसांत ती भरून निघते, तेव्हा पदार्थ क्षोभक समजतात. चार तासांपर्यंतच्या संपर्कात जो पदार्थ वरचे कातडे जाळून खालच्या थरापर्यंत पोचतो, तो दाहक. डोळ्याच्या बाबतीत कसोटी दिवसांची आहे. इजा सात दिवसांत पूर्ण बरी झाली तर सौम्य क्षोभक, एकवीस दिवसांत झाली तर क्षोभक, आणि एकवीस दिवसांनंतरही राहिली तर गंभीर इजा करणारा. अॅलर्जी ही तिसरीच गोष्ट आहे. ती काहींना होते, काहींना नाही. दाहक पदार्थ मात्र भेदभाव करत नाही.

हे ठरवायचे कसे? १९३३च्या सुमारास अमेरिकेत पापण्या रंगवण्याचे 'लॅश ल्युअर' नावाचे एक प्रसाधन निघाले होते. त्याने काही स्त्रियांचे डोळे गेले. १९३८ साली तिथे सौंदर्यप्रसाधनांवर कायदा आला, आणि १९४४ साली जॉन ड्रेझ या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह एक चाचणी मांडली. सशाच्या एका डोळ्यात ०.१ मिलिलिटर द्रव घालायचा आणि पुढचे दिवस इजेला गुण द्यायचे, जास्तीत जास्त ११०. जगभर अनेक दशके हीच पद्धत चालली. मुक्या प्राण्याचे हाल तर होतेच, पण मला अभियंता म्हणून अधिक खटकले ते मोजमाप. १९७१ साली वाइल आणि स्काला यांनी तीच तीच रसायने वीसहून अधिक प्रयोगशाळांना दिली आणि निकाल ताडून पाहिले. एकीने जे निरुपद्रवी म्हटले ते दुसरीने तीव्र म्हटले होते. १९८० साली हेन्री स्पायरा यांनी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात पूर्ण पान जाहिरात देऊन या चाचणीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा कुठे पर्याय शोधायला वेग आला.

आज पहिली पायरी आहे पीएच. २ किंवा त्याहून कमी, अथवा ११.५ किंवा त्याहून जास्त असेल, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत पदार्थ दाहकच धरतात. कातडे जाळणारा पदार्थ डोळ्याला घातक आहेच असे मानून त्याची डोळ्यावर वेगळी चाचणी करत नाहीत. पुढची पायरी काचपात्रातली. माणसाच्या पेशींपासून वाढवलेला त्वचेचा तुकडा घेतात, त्यावर रसायन लावतात, धुतात, आणि मग एक पिवळे द्रव्य देतात. जिवंत पेशी त्याला जांभळे करतात. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जिवंत राहिल्या तर ते रसायन क्षोभक. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने या पद्धतीला २०१० साली मान्यता दिली. डोळ्यासाठी कत्तलखान्यातून आणलेला गुरांचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, वापरतात आणि तो किती गढूळ झाला ते प्रकाशाने मोजतात. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर बंदी घातली. औद्योगिक रसायनांचा प्रश्न त्याने पूर्ण सुटत नाही, ही गोष्ट वेगळी.

पण बाजारातले बहुतेक क्लीनर ही मिश्रणे असतात आणि प्रत्येक मिश्रणाची चाचणी कोणी करत नाही. तिथे टक्केवारीचे गणित चालते, आणि तेच मी लिहीत होतो. सर्वसाधारण नियम असा की दाहक घटक ५ टक्के किंवा अधिक असेल तर मिश्रण दाहक, १ ते ५ टक्के असेल तर त्वचेला क्षोभक. डोळ्यासाठी ती रेघ ३ टक्क्यांवर आहे. मी बेरजा-वजाबाक्या नीट बसवल्या आणि चाचणी म्हणून २ टक्के कॉस्टिक सोडा असलेले द्रावण टाकले. प्रणालीने उत्तर दिले: क्षोभक. मी खूश. आमच्या गटातील रसायनशास्त्राच्या बाईंनी मात्र चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "अहो, त्याचा पीएच १३च्या वर असतो. डोळा जाईल त्याने!" तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कलीला बेरजेचा नियम लागू नाही. तिथे आधी पीएच पाहायचा, आणि घटक १ टक्का असला तरी दाहक धरायचे. "पाणी घालून पातळ केलंय, काही होत नाही" हे वाक्य आपण किती सहज बोलतो! माझ्या प्रोग्रॅमनेही तेच म्हटले होते.

अल्कली एवढी वाईट का? आम्ल डोळ्याला लागले की वरच्या थरातील प्रथिने गोठतात आणि त्यांचीच एक भिंत तयार होते. अल्कली पेशींच्या आवरणातील चरबीचा अक्षरशः साबण करते आणि आत शिरत राहते. वेदना कमी झाली तरी इजा थांबलेली नसते. अपवाद हायड्रोफ्लोरिक आम्लाचा. काही कॉइल क्लीनरांत आणि अॅल्युमिनियम चमकवण्याच्या द्रावणांत ते असते. सौम्य असेल तर कातडीवर काही तास काही जाणवतही नाही, तोवर ते खोल गेलेले असते. त्यावर कॅल्शियमचे वेगळे औषध लागते. म्हणूनच डॉक्टरांना नाव हवे असते.

आता डब्याकडे पाहा. लाल किनारीचा, टोकावर उभा चौकोन असतो. आत परीक्षानळीतून हातावर आणि धातूच्या पट्टीवर काही सांडत असेल तर दाहक. उद्गारचिन्ह असेल तर बहुधा क्षोभक, पण ते चिन्ह इतर धोक्यांसाठीही वापरतात. सोबतचे आकडे पक्के: ३१४ म्हणजे कातडे जाळणारे, ३१५ त्वचेला क्षोभक, ३१८ डोळ्याला गंभीर इजा, ३१९ डोळ्याला क्षोभक. कंपनीकडे प्रत्येक रसायनाचे सोळा कलमांचे माहितीपत्रक असायला हवे, ते मागून घ्या. कलम २, ४ आणि ८ सगळे वाचतात. मी म्हणेन ११ वाचा, तिथे चाचणीचे निकाल असतात. "माहिती उपलब्ध नाही" असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ सुरक्षित असा नाही. कोणी तपासले नाही, एवढाच.

डोळ्यात काही गेले तर आधी पाणी, मग फोन. पापण्या बोटांनी उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे, अल्कली असेल तर त्याहूनही जास्त. लेन्स असल्यास काढायची. अल्कलीवर लिंबू, आम्लावर सोडा असले प्रयोग नकोत. मग ९९८ वर रुग्णवाहिका, आणि डबा किंवा लेबलाचा फोटो सोबत. इथली एक अडचण आपल्यालाच ठाऊक. जुलैत गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळाला चटका देते. डोळे धुण्याच्या पाण्याचे अमेरिकन मानक १६ ते ३८ अंश सेल्सिअस आहे. आपण उन्हाळ्यात गीझर बंद ठेवून त्यातले गार पाणी आंघोळीला घेतो, तेच अशा वेळी उपयोगी पडते.

घरात लहान मूल असेल आणि गावाहून आजोबा तंबाखू-चुना घेऊन आले असतील तर चुन्याची पुडी किंवा नळी उंच ठेवा. ती दाबून चुना डोळ्यात उडाल्याच्या कितीतरी केसेस भारतातील नेत्रतज्ज्ञांनी नोंदल्या आहेत. ओला चुना आणि ओले सिमेंट दोन्हींचा पीएच १२च्या पुढे असतो. त्यात चुन्याचे कण पापणीखाली अडकून बसतात.

पैशाचे थोडक्यात. इथल्या २०२१च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्यानुसार कामावरील इजेच्या उपचाराचा खर्च मालकाचा. उपचार चालू असेपर्यंत, जास्तीत जास्त सहा महिने, पूर्ण पगार आणि त्यापुढे सहा महिने अर्धा. पण इजा कामावरच झाली हे कागदावर यायला हवे. दादांनी काम संपवून घरी येऊन दुसऱ्या दिवशी कळवले, त्यामुळे नोंद करून घ्यायला त्यांना तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

त्या रात्री पट्टी ७वर यायला जवळजवळ दोन तास लागले. डोळा वाचला. दहा-बारा दिवस पट्टी, थेंब आणि घरी बसणे झाले. आता दादा बाजूने बंद असलेला गॉगल लावतात आणि प्रत्येक बाटलीवर मार्करने नाव लिहितात, मराठीत. त्यांच्या बरोबरचा मल्याळी मुलगा त्यावरून तक्रार करतो म्हणे, म्हणून आता खाली इंग्रजीतही लिहितात.

ज्यांना आपल्या कामावरच्या रसायनाचे माहितीपत्रक समजून घ्यायचे असेल त्यांनी ते मंडळाच्या पुढच्या सभेला घेऊन यावे. चहाच्या वेळी मी मागच्या टेबलापाशी असेन. कलम २ आणि ११ एकत्र वाचू.