मुकादमच नाहीसा झाला तर?

एड्सने माणूस गेला, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्याच्या फुफ्फुसात क्षय असतो, नाहीतर मेंदूच्या आवरणात बुरशी. जून 1981 मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया झाल्याची नोंद छापून आली, तेव्हा डॉक्टर चक्रावले ते यामुळेच. धडधाकट माणसाच्या वाटेला ही बुरशी सहसा जात नाही. चोर भुरटा होता. मग दार उघडं कोणी टाकलं?

रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये सीडी-फोर नावाच्या पेशी असतात. त्या मुकादम. जंतूंना बहुतेक वेळा स्वतः मारत नाहीत. अँटिबॉडी बनवणाऱ्या, जंतू गिळणाऱ्या पेशींना कामाला लावतात. एचआयव्ही नेमका यांनाच गाठतो. आत शिरून आपल्या आरएनएचा डीएनए करतो आणि तो पेशीच्या डीएनएत टाचून टाकतो. मग तीच पेशी नवे विषाणू घडवू लागते. लिम्फ ग्रंथींत मरणाऱ्या कित्येक पेशींत तर तो पुरता रुजलेलाही नसतो. अर्धवट घुसखोरीची चाहूल लागताच पेशी स्वतःच जीव देते.

निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण 500 ते 1500 असतात. 200 च्या खाली गेल्या की एड्स. उपचाराविना तिथवर पोचायला बहुधा आठ-दहा वर्षं लागतात, आणि त्यातली बरीचशी माणूस ठणठणीत दिसतो. भारतातला संसर्ग 1986 मध्ये उघड झाला तोही चेन्नईच्या डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे) आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी मुद्दाम रक्ततपासण्या केल्या म्हणून.

आज बहुतेकांना रोज एक गोळी पुरते. विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मग गोळी थांबवायला काय हरकत? हरकत आहे. काही सीडी-फोर पेशी विषाणूचा डीएनए पोटात घेऊन वर्षानुवर्षं झोपून राहतात. औषध विषाणूचं काम बंद पाडतं. जो कामच करत नाही, त्याचं ते काय बिघडवणार? गोळी सुटली की बहुतेकांत काही आठवड्यांत तो परततो.

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी फुकट होते, नाव गुप्त राहतं. शंका असेल तर 1097 वर फोन करा.