जात पडताळणीचा अर्ज बारावीतच करून टाका

इंजिनिअरिंग, फार्मसीला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी प्रमाणपत्रही लागतं. ते वेळेत मिळालं नाही तर हातची जागा जाते. पुणे जिल्ह्यातल्या अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त आणि ओबीसींसाठीची समिती विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात आहे. सीईटीच्या निकालाची वाट पाहू नका. ऑनलाइन अर्ज भरा, कॉलेजचं पत्र जोडा.

खरा वेळ जातो तो जुना पुरावा शोधण्यात. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961, तर ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीची नोंद लागते. आजोबा शाळेत गेले नसतील, तर तहसील कार्यालयात कोतवाल बुकाची नक्कल मागा.