आज्ञार्थ आणि आज्ञा : संघटनेतील वर्तनाविषयीच्या काही प्राथमिक संकल्पना

आज्ञार्थ हे क्रियापदाचे एक रूप आहे. आज्ञा ही सामाजिक घटना होय. 'दार लाव' असे उमेदवार कारकुनाने कार्यालयाच्या प्रमुखास म्हटले, तर आज्ञार्थ शाबूत राहतो, परंतु आज्ञा घडत नाही. उलटपक्षी, 'हे कागद अजून इथेच आहेत' असे प्रमुखाने नुसते म्हटले, तर क्रियापद स्वार्थी असूनही ऐकणारा कागद उचलतो. हा भेद भाषेच्या अभ्यासकास परिचित आहे. संघटनेतील मानवी वर्तनाचा विचार करणाऱ्या शास्त्रास मात्र तो बऱ्याच उशिरा गवसला. ही वाटचाल ध्यानी घेतली म्हणजे त्या शास्त्रातील काही मूलभूत संकल्पना सुलभ होतात.

आरंभीच्या विचारवंतांची दृष्टी मुख्यतः आज्ञा देणाऱ्याकडे होती. खाणउद्योगाचे संचालन केलेले फ्रेंच अभियंते आंरी फायोल यांनी १९१६ साली व्यवस्थापनाची पाच अंगे सांगितली : पूर्वनियोजन, संघटन, आज्ञापन, समन्वय आणि नियंत्रण. त्यापूर्वी १९११ साली फ्रेडरिक टेलर यांनी अमेरिकेत शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे मांडली होती. कामगार हेतुपुरस्सर सावकाश काम करतात, आणि उत्पादन वाढल्यास मजुरीचा दर उतरेल ही भीती त्यामागे असते, हे टेलर यांस ठाऊक होते. कामाचे काटेकोर मापन केल्यास ही भीती उरणार नाही, असा त्यांचा विश्वास होता.

चेस्टर बर्नार्ड यांनी १९३८ साली या विचाराची दिशा पालटली. बर्नार्ड हे न्यू जर्सीतील दूरध्वनी कंपनीचे अध्यक्ष होते. म्हणजे आज्ञा देणे हा त्यांचा नित्याचा व्यवहार होता. तरीही त्यांचा सिद्धान्त असा की, आज्ञेचा अधिकार देणाऱ्याच्या पदात नसून घेणाऱ्याच्या स्वीकारात असतो. हा स्वीकार घडण्यास चार गोष्टी आवश्यक आहेत : आज्ञा समजली पाहिजे, ती संघटनेच्या हेतूशी विसंगत वाटता कामा नये, स्वतःच्या हिताशी तिचा मेळ बसला पाहिजे, आणि ती पाळण्याचे सामर्थ्य असले पाहिजे. बहुतेक आज्ञा मनुष्य विचार न करता पाळतो. या पट्ट्यास बर्नार्ड यांनी उदासीनतेचे क्षेत्र म्हटले आहे. अधिकाराचा खरा कस लागतो तो या क्षेत्राच्या सीमेवर.

ही सीमा कोण आखतो? केवळ एकटी व्यक्ती नव्हे. शिकागोनजीकच्या हॉथॉर्न कारखान्यात नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात चौदा कामगारांच्या एका गटाचे निरीक्षण करण्यात आले. दूरध्वनी-यंत्रणेच्या तारा जोडणारे नऊ, डाक देणारे तीन आणि तपासनीस दोन, अशी त्याची रचना होती. मजुरी गटाच्या एकूण उत्पादनावर अवलंबून असल्यामुळे अधिक काम करण्यात सर्वांचाच लाभ होता. प्रत्यक्षात दिवसाला दोन संच जोडले म्हणजे पुरेसे, असा गटाचा अलिखित दंडक होता. अधिक काम करणाऱ्यास 'रेट-बस्टर', म्हणजे दर मोडणारा, असे नाव पडे. फार कमी करणाऱ्यास 'चिझलर', म्हणजे इतरांच्या श्रमावर जगणारा. आणि वरिष्ठांकडे बोलणाऱ्यास 'स्क्वीलर', म्हणजे चहाडखोर. दंडक मोडणाऱ्याच्या दंडावर बुक्की बसे. त्या क्रियेलाही 'बिंगिंग' असे खास नाव होते. तपासनिसाने तपासनीसपणा मिरवू नये, हाही एक दंडक होता.

कारखान्याच्या आराखड्यात दिसते ती औपचारिक संघटना. या शब्दांत वावरत होती ती अनौपचारिक संघटना. भाषेतील शिष्टसंमत रूढीप्रमाणे तिचे नियम कोणी लिहिलेले नसतात, परंतु ते मोडताच सर्वांच्या कानाला खटकतात.

येथे एक गंभीर प्रश्न उद्भवतो. या संशोधनाचा वृत्तान्त १९३९ साली सिद्ध करणाऱ्या रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांनी असे मत दिले की, या कामगारांना दरकपातीचा प्रत्यक्ष अनुभव नव्हता. सबब त्यांची भीती तर्कापेक्षा गटाच्या भावनेतून उद्भवलेली होती. परंतु तो काळ महामंदीचा होता, आणि हे निरीक्षणदेखील अखेर कामाच्या टंचाईमुळेच थांबवावे लागले. काम लवकर संपविले तर कामच संपेल, ही शंका अशा वेळी तर्कहीन कशी म्हणावी? बोलणाऱ्याचे म्हणणे केवळ भावनेचे लक्षण मानले, की त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी टळते.

तेव्हा औपचारिक आणि अनौपचारिक संघटना, अधिकार आणि स्वीकार या संज्ञा पाठ करून विद्यार्थ्याचे काम भागत नाही. संघटनेत कोणाचे वाक्य आज्ञा ठरते, कोणाचे गाऱ्हाणे आणि कोणाचे निव्वळ भावनाविष्कार, हे कोण ठरवितो, याचा शोध घेतल्यावाचून या संज्ञांना पुरता अर्थ येत नाही.