परत आलेला कुर्ता आणि मापाचा शब्द

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपण कापडाच्या दुकानांतून लहानपणापासून वाचत आलो आहोत. ती न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. पण तिच्या काळी गिऱ्हाइकाच्या हातात काही साधने तरी होती. तो कापड चुरगाळून बघे, उजेडात नेऊन रंग पारखी, सदरा अंगाला लावून पाही आणि मगच पैसे मोजी. आपल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनासाठी लांबलांबून यात्रेकरू येतात. परगावच्या गिऱ्हाइकाची आपल्या बाजाराला सवय आहे. परंतु तो यात्रेकरूही दुकानात उभा राहूनच खरेदी करतो. ऑनलाइन विक्रीत गिऱ्हाईक दिसत नाही आणि गिऱ्हाइकाला माल दिसत नाही. त्याला दिसते ते चित्र आणि एक आकडा. म्हणून तेथे हा आकडा म्हणजेच दुकानदाराने दिलेला शब्द होय.

हा प्रश्न अगदीच नवा नाही. आपल्या टपालखात्याने १८७७ साली व्ही. पी. ची पद्धत सुरू केली. माल दारात आल्यावर पैसे द्यायचे. न घेतल्यास पार्सल माघारी. व्ही. पी. परत आली की प्रकाशकाला खर्च सोसावा लागे. अमेरिकेत माँटगोमेरी वॉर्ड या गृहस्थाने १८७२ साली टपालाने माल विकण्याचा धंदा काढला. अशा धंद्यात कपडे आले, तेव्हा माघारी येणाऱ्या कपड्यांनी व्यापारी जेरीस आले. शेवटी १९३९-४० साली तेथील शेतकी खात्याने सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापे घेतली आणि १९५८ साली त्यांच्या आधारावर मापांचे एक प्रमाण जाहीर केले. ते ऐच्छिक होते, ते सर्वांनी पाळले नाही, आणि १९८३ साली ते मागे घेण्यात आले. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निफ्ट’ने, मुंबईसह सहा शहरांतील पंचवीस हजार स्त्री-पुरुषांची मापे घेऊन भारतीय मापतक्ता करण्याची योजना हाती घेतली. यावरून एवढे तर दिसते की, ‘एल’ किंवा ‘एक्सएल’ या अक्षरांना स्वतःचा असा ठाम अर्थ नाही.

आता घोटाळा नेमका कोठे होतो ते पाहू. ४२ हा आकडा घ्या. एक विकणारा म्हणतो, ज्याची छाती ४२ इंच त्याच्यासाठी हा कुर्ता. दुसरा म्हणतो, हा कुर्ताच ४२ इंच आहे. दोघेही खरे बोलतात, पण दुसऱ्याचा कुर्ता ४२ इंच छातीच्या माणसाला घालता येत नाही. कारण श्वास घ्यायला, हात वर करायला कपड्यात दोन ते चार इंच मोकळीक लागते. आपला शिंपी ती न सांगता धरतो. शिवाय तो शिवणीच्या आत थोडे कापड राखून ठेवतो. त्याला शिंपी ‘माया’ म्हणतात, आणि अंग भरले की ती उसवून कपडा मोठा करता येतो. तयार कपड्यात कापड वाचवण्यासाठी पहिला घाव या मायेवरच पडतो. सुती कापड आधी भिजवले नाही तर पहिल्याच धुण्यात आटते, हे तिसरे कारण. आणि चौथे म्हणजे एकावर एक थर रचून कापताना खालचा थर सरकतो. मग एकाच मापाचे दोन नग सारखे निघत नाहीत. साडीला माप लागत नाही, पण ब्लाउजला लागते. म्हणून तयार ब्लाउज विकणे हे सर्वांत जोखमीचे काम आहे.

याचा पैशांत काय परिणाम होतो? उदाहरणापुरता हिशेब मांडू. कुर्त्याची किंमत ४०० रुपये. कापड, शिलाई, बांधणी मिळून २८० आणि पोचवण्याचा खर्च ६०. नगामागे ६० रुपये सुटतात. दहा नग खपले तर ६०० रुपये. त्यांतले तीन परत आले तर उरलेल्या सातांचे ४२० मिळतात. पण परत आलेल्या प्रत्येकामागे जाण्यायेण्याचे १२०, म्हणजे ३६० रुपये गेले. शिल्लक राहिली साठ रुपये. आणि त्या तिघांतला एखादा मळून विकण्याजोगा उरला नाही, तर २८० रुपये आणखी गेले आणि सगळा व्यवहार २२० रुपये तोट्यात आला. एखादा महिला बचत गट शिलाईचा धंदा उभा करतो तेव्हा त्याचे मरण येते ते या वाटेने. माल खपत नाही म्हणून नव्हे, तर खपलेला माल परत येतो म्हणून.

हा तोटा शेवटी कोणाच्या अंगावर पडतो, हा माझ्या दृष्टीने मुख्य प्रश्न आहे. परत आलेल्या नगाचे पैसे शिवणाऱ्या बाईच्या मजुरीतून कापण्याची चाल मी कामगारांत हिंडताना पाहिली आहे. परंतु मापतक्ता तिने लिहिलेला नसतो, चित्र तिने काढलेले नसते, बहुधा कापणीही तिची नसते. तिच्यापुढे जे तुकडे टाकले ते तिने जोडले. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने नुकसानीपोटी मजुरी कापण्यावर बंधन घातले होते: नुकसान कामगाराच्या चुकीने झालेले हवे, कपात त्या नुकसानीपेक्षा अधिक नको, आणि आधी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. २०१९ च्या वेतनसंहितेनेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. घरी बसून नगावर शिवणारी बाई ‘कामगार’च नव्हे, असा वाद मालक घालतो. कायद्याचा कीस काहीही पडो, न्यायाचे तत्त्व बदलत नाही. पार्सल पोचवणाऱ्या पोरालाही हेच लागू आहे. कुर्ता आखूड निघाला याचा राग दारात त्याच्यावर काढून काय उपयोग?

गिऱ्हाइकाच्या बाजूने कायदा आता पुष्कळ स्पष्ट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये सदोष माल परत घ्यायचे नाकारणे, किंवा पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला असेल, तर विकणाऱ्याला तो परत घ्यावाच लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात झाले पाहिजे. दाद न मिळाल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पण कपडा लिहिल्या मापाचा निघाला आणि केवळ मन फिरले, तर तो परत घेणे हा विकणाऱ्याच्या जाहीर अटींचा भाग आहे. लग्नात मिरवून दुसऱ्या दिवशी कपडा परत करणारा ग्राहक हक्क बजावीत नाही, तो गरिबाच्या कमाईवर हात मारतो.

मग करावे काय? विकणाऱ्याने अंगाचे माप आणि कपड्याचे माप दोन्ही वेगळी, सेंटिमीटरमध्ये लिहावीत. कपडा सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजावा आणि त्याची दुप्पट करावी. कापड भिजवून आटवून मगच कापावे. दर गठ्ठ्यातला वरचा, मधला आणि खालचा नग टेपने तपासावा. तक्रार आली की वाद न घालता पहिला प्रश्न विचारावा: घट्ट होते ते छातीत, मुंड्यात की कमरेत? उत्तर वहीत लिहावे. एकाच ठिकाणची तक्रार तीनदा आली तर चूक गिऱ्हाइकाच्या अंगात नाही, आपल्या बेतण्यात आहे असे समजावे आणि त्या मापाची विक्री थांबवून बेतणे सुधारावे. पैसे परत करण्यापूर्वी माप बदलून देऊ करावे. पुष्कळांना पैसे नको असतात, अंगाला बसेल असा कपडा हवा असतो. आणि घेणाऱ्याने अक्षरावर विसंबू नये. आपल्याला नीट बसणारा जुना कपडा मोजावा आणि त्याच्याशी आकडे ताडून मगच मागणी नोंदवावी.

परत आलेला कुर्ता म्हणजे गिऱ्हाइकाने केलेला अपमान नव्हे. बेतणाऱ्याला, लिहिणाऱ्याला आणि मालकाला आलेले ते पत्र आहे. ते वाचले तर पुढचा कुर्ता परत येणार नाही. न वाचता त्याचा दंड शिलाई यंत्रावर वाकलेल्या बाईकडून वसूल केला, तर कुर्ते परत येतच राहतील, आणि एक दिवस ती बाई मात्र कामावर परत येणार नाही.