पेशीपटलात प्रथिन कसे बसते?

पेशी हे घर आणि पेशीपटल ही त्याची भिंत, असे आपण शाळेत शिकतो. पण ही भिंत तेलकट असते. स्निग्ध रेणूंचे दोन थर एकमेकांकडे शेपट्या करून उभे असतात. त्यांचा तेलकट गाभा सुमारे ३० आँगस्ट्रॉम, म्हणजे ३ नॅनोमीटर जाडीचा असतो. विद्युतभारित कण त्यातून सहजासहजी जात नाहीत. त्यांच्यासाठी भिंतीत प्रथिनांची दारे आहेत. अनेक औषधे याच प्रथिनांवर काम करतात. म्हणून ती पटलात कशी बसली आहेत, हे जाणणे अगत्याचे आहे.

अडचण अशी की, स्फटिक बनविण्यासाठी प्रथिन पटलातून बाहेर काढावे लागते. त्यामुळे १९७१ साली सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेतील नोंदीत प्रथिनाच्या अणूंची स्थाने मिळतात, पटल मात्र बहुधा मिळत नाही. ते गणिताने पुन्हा बसवावे लागते. 'ओपीएम' या संग्रहात प्रथिन कोणत्या स्थितीत सर्वांत कमी ऊर्जेने पटलात राहील, हे काढून ठेवले आहे. पटलाच्या दोन कडा तेथे ठिपक्यांनी दाखवितात. तांबडे ठिपके बाहेरच्या बाजूचे, निळे आतल्या.

उदाहरणार्थ आम्ही 'केसीएसए' हे जिवाणूतील पोटॅशियमचे दार घेतो. त्याची रचना रॉडरिक मॅकिनन व सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केली. मॅकिनन यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ओपीएममधील फाईल पायमॉल किंवा व्हीएमडी या प्रणालीत उघडावी. तेलाशी जमणाऱ्या अमिनो आम्लांना पिवळा व विद्युतभारित आम्लांना हिरवा रंग द्यावा. ठिपक्यांच्या दोन पातळ्यांमध्ये, प्रथिनाच्या बाहेरील अंगावर पिवळा पट्टा उमटलेला दिसेल. मळसूत्री साखळीत प्रत्येक आम्ल १.५ आँगस्ट्रॉम पुढे सरकते. म्हणून सुमारे २० आम्लांत गाभा पार होतो. चार समान साखळ्यांमधून मार्ग जातो आणि त्याचा अरुंद भाग तांबड्या ठिपक्यांच्या बाजूला आहे. तेथेच पोटॅशियमला वाट मिळते व सोडियम अडतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ठिपक्यांची सपाट पातळी हे छायाचित्र नव्हे, तो अनुमानाने काढलेला नकाशा आहे. खरे पटल सतत हलते, वाकते.

या कामाला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. साधा संगणक पुरतो, नोंदी विनामूल्य मिळतात आणि पायमॉलची मुक्त आवृत्तीही उपलब्ध आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी हे दार स्वतः फिरवून पाहावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.