कापसाचा चुकारा आणि मेसचं बिल

आपल्या हॉस्टेलमध्ये दोन प्रकारची माणसं राहतात. एक, ज्यांच्या घरी पगार होतो. दुसरी, ज्यांच्या घरी चुकारा होतो. चुकारा म्हणजे काय, हे बाहेरून आलेल्या मैत्रिणींना दरवर्षी समजावून सांगावं लागतं म्हणून इथंच लिहून टाकते. कापूस विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती जी रक्कम पडते ती म्हणजे चुकारा. पगार महिन्याला होतो, चुकारा वर्षातून एकदा होतो, फार तर दोन-तीन तुकड्यांत, आणि होतो तो हिवाळ्यात. मी आर्वी तालुक्यातली. तेव्हा मी कोणत्या प्रकारात मोडते ते सांगायला नको!

हॉस्टेलच्या खर्चावर बोलायची वेळ आली की सगळे काटकसरीवर येतात. मोबाईलचा रिचार्ज, टपरीवरचे तर्री पोहे, वाढदिवसाचे केक. स्नेहसंमेलनात पाहुणे म्हणून आलेली मोठी माणसं तर यावर हमखास दहा मिनिटं घेतात. ते खोटं नाही, पण माझ्या मते मूळ दुखणं वेगळं आहे. आमच्यासारख्यांकडे पैसा कमी असतोच, पण त्याहून जास्त त्रास तो चुकीच्या महिन्यात येतो याचा होतो.

बघा ना. ॲडमिशन, हॉस्टेलचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, ड्रॉईंगचं सामान, गादी, बादली, सगळं जुलै-ऑगस्टमध्ये. नेमकं त्याच वेळी घरी बियाणं झालेलं असतं, खताच्या बॅगा आणायच्या असतात, निंदणाच्या बाया सांगायच्या असतात, फवारणी डोक्यावर असते. म्हणजे शेतातलं बोंड धरायच्या आधीच त्या बोंडाचे पैसे कॉलेजात भरायचे. मग सोसायटीचं कर्ज, नाहीतर कोणाकडून उसनवारी. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिला वेचा घरात येतो तेव्हा त्या कापसावर आधीच चार जणांची नावं लिहिलेली असतात. त्यात एक नाव आपल्या मेसचं!

आता थोडं कापसाबद्दल. इंजिनिअरिंगच्या पोरा-पोरींना हे कळायला काहीच हरकत नाही, कारण यात आपलंच शास्त्र आहे. कापसाचा धागा हवेतला ओलावा शोषून घेतो. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता अशा प्रमाणित हवेत तो साधारण ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवतो. म्हणून आधारभूत किमतीने खरेदी करताना ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावातला एक टक्का कापला जातो आणि १२ च्या वर गेला की माल घेतच नाहीत. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये आधारभूत किंमत जाहीर झाली होती. समजा मीटरवर ११ आलं. तीन टक्के गेले, म्हणजे क्विंटलला जवळपास २४३ रुपये. दहा क्विंटलला झाले २,४३० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थंडीत ओलावा येतो कुठून? पाऊस तर गेलेला असतो. येतो दवातून. पहाटे पऱ्हाटी इतकी भिजलेली असते की बांधावरून चालत गेलं तरी सलवार गुडघ्यापर्यंत ओली होते. वेचणी किलोवर दिली जाते, त्यामुळे सकाळी लवकर वेचलेला ओला कापूस वेचणाऱ्या बाईला वजनात परवडतो आणि शेतकऱ्याला काट्यावर नडतो. यात कोणाचाच लोभ नाही, तिलाही घर चालवायचं असतं. आमच्याकडे ऊन वर आल्याशिवाय वेचणीला हात लावत नाहीत. त्यातूनही कापूस आणून स्लॅबवर पसरायचा, दुपारी हलवायचा, संध्याकाळी झाकायचा. असे चार-पाच दिवस. त्यानंतर गाडी सांगायची, केंद्रावर नंबर लावायचा, ग्रेडरने बोंडं चुरगाळून बघायचं, मग काटा, मग आधार जोडलेल्या खात्यात पैसे. घाई असेल तर गावात फिरणारा व्यापारी असतोच. तो जागेवर रोख मोजतो, पण भाव त्याचा! ज्याच्या पोराची फी उद्या भरायची आहे तो व्यापाऱ्याकडे जातो आणि ज्याला पंधरा दिवस थांबता येतं तो केंद्रावर. एवढ्या थांबण्याचे पैसे होतात.

इकडे हॉस्टेलवर त्याच दिवसांत हिवाळी परीक्षा. विदर्भातल्या विद्यापीठांत परीक्षेला हिवाळी आणि उन्हाळी अशी नावं आहेत हे बाहेरच्यांना मजेशीर वाटतं. आपल्याला ती नावं अंगावर काटा आणतात, थंडीमुळे असो की एम-थ्रीमुळे. हॉलतिकीट घ्यायच्या आधी हॉस्टेलचं नो-ड्यूज लागतं आणि नो-ड्यूजसाठी मेसची बाकी शून्य लागते. म्हणजे स्लॅबवर कापूस वाळतोय आणि इथं रजिस्टरमध्ये नाव लाल शाईत चढलंय, अशी स्थिती. घरी फोन केला की बाबा म्हणतात, “चार दिवस थांब बापा, ऊन पडू दे.” ऊन आणि नो-ड्यूज यांचा काय संबंध, हे ऑफिसमधल्या क्लार्कला कसं समजवायचं?

अशा वेळी आपल्याकडे लोक काय करतात? मेस कट घेतात. मागच्या हिवाळ्यात आमच्या विंगमधल्या एकीने बारा दिवस कट घेतला. विचारलं तर म्हणाली, “डाएट करतेय.” मेसच्या भाषेत डाएट म्हणजे एका दिवसाचं जेवण, त्यामुळे आम्ही सगळ्या हसलो. ती मुरमुरे आणि घरून आणलेल्या तिळाच्या वड्यांवर राहत होती. पेपरच्या आदल्या रात्री बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडली तेव्हा हसणं थांबलं. पेपर तिने दिला, निघालाही. पण तिने वाचवले किती, याचा हिशेब आम्ही नंतर मांडला, तो सगळ्यांनी बघावा असा आहे.

उदाहरणासाठी सोपे आकडे घेते. मेसमध्ये शंभर जण. स्वयंपाकी, मदतनीस, गॅस, भांडी असा ठराविक खर्च महिन्याला ७५,००० रुपये. धान्य, भाजी, दूध, तेल यांचा खर्च माणशी रोज ६० रुपये. सगळे तीस दिवस जेवले तर ३,००० डाएट झाले, ठराविक खर्चाचा वाटा आला २५ रुपये, म्हणून डाएटचा दर ८५ आणि महिन्याचं बिल २,५५०. आता सगळ्यांनी पाच-पाच दिवस कट घेतला असं समजा. डाएट उरले २,५००. ठराविक खर्चाचा वाटा झाला ३० रुपये, दर ९०, आणि पंचवीस दिवसांचं बिल २,२५०. प्रत्येकाला वाटलं होतं पाच दिवसांचे ४२५ वाचतील, वाचले ३००. म्हणजे दिवसाला ६० रुपये. तेवढ्यात बाहेर धड दोन वेळचं जेवण होत नाही. शिवाय एकटीने कट घेतला तर तिचा ठराविक वाटा उरलेल्यांच्या बिलात जातो, तो भाग वेगळाच. आणि वर मी जो आकडा लक्षात ठेवा म्हटलं होतं तो या बिलाशेजारी ठेवून बघा. कापसातला तीन टक्के ओलावा म्हणजे मेसचा जवळजवळ एक महिना!

खरं तर हिवाळ्यात मेस सोडायची काही गरज नसावी, कारण वर्षातलं सगळ्यात स्वस्त आणि चवदार जेवण याच दिवसांत होऊ शकतं. वांगी, मेथी, पालक, टोमॅटो, सांभार, सगळ्याचा भाव उतरलेला असतो. तुरीच्या शेंगा भरतात, सोले निघतात. आंबिया बहाराची संत्री आर्वी, आष्टी, कारंजा भागातून बाहेर पडतात. तरी आपल्या मेसमध्ये आठवड्यातून चारदा बटाटाच का असतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. एकदा रविवारी मेस कमिटीने भरीत आणि भाकरीचा बेत केला होता, तेव्हा पोट्ट्यांनी रांग वाढवून वाढवून थेट पार्किंगपर्यंत नेली होती. त्या दिवशी कट घेतलेल्यांनीसुद्धा गेस्ट म्हणून नाव लिहिलं. मेस सेक्रेटरीने भाजी ठोकमध्ये सकाळी बाजारातून आणली तर ६० चे ५५ सहज होतील, असं माझं मत आहे. पण त्यासाठी थंडीत पाचला उठावं लागतं, तिथं घोडं अडतं.

थंडीवरून पाण्याचा विषय निघतोच. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता. आपल्याकडे एवढं रोज होत नाही, तरी डिसेंबरच्या सकाळी टाकीचं पाणी अंगावर घ्यायला छाती लागते. म्हणून चोरून रॉड. पंधरा लिटरची बादली १८ अंशांवरून ४२ वर न्यायला साधारण ०.४२ युनिट लागतं, वाया जाणारी उष्णता धरून अर्धं युनिट समजा. १,५०० वॅटच्या रॉडला वीस मिनिटं. युनिटला १० रुपये धरले तर बादलीला ५ रुपये. पैशापेक्षा मोठी भानगड वायरिंगची आहे. १६ अँपिअरच्या एमसीबीवर २३० व्होल्टला ३,६८० वॅट चालतात, म्हणजे दोन रॉड. तिसऱ्याने मर्यादा ओलांडते, पण एमसीबी लगेच पडत नाही, वायर मात्र गुपचूप तापत राहते. चौथा लागला की काही मिनिटांत सगळी विंग अंधारात आणि सगळे एकमेकींकडे बघणार! खोलीत चार-चार रॉड लपवण्यापेक्षा विंगमागे एक नीट बसवलेला गीझर आणि वेळापत्रक, एवढी मागणी आपण लेखी करावी. आपल्याकडे हिवाळ्यात आकाश स्वच्छ असतं, त्यामुळे गच्चीवरचं सोलरही चांगलं चालू शकतं.

आता जे पैसे आपल्या हक्काचे आहेत त्यांच्याबद्दल. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. गावात लोकांना वाटतं पोरीचं शिक्षण फुकट झालं. पण मेस आणि राहणं त्यात येत नाही. राहण्या-जेवण्यासाठी वेगळ्या योजना आहेत. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना. इतर मागास वर्गासाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना. पंजाबराव आपल्याच भागातले, पापळचे, १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री. २७ डिसेंबरला त्यांची जयंती आपण साजरी करतो, हार घालतो, पण त्यांच्या नावाच्या भत्त्याचा अर्ज किती जणांनी भरला हे कोणी विचारत नाही.

अर्ज भरताना दोन गोष्टी नडतात. अल्पभूधारकाचा दाखला तहसीलमधून लागतो, तो दिवाळीच्या सुट्टीतच काढून आणा, नंतर त्यासाठी लेक्चर बुडवून आर्वीची एसटी धरावी लागते. मार्च २०२३ पासून आम्हा मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, मुलांचं तेही नाही. दुसरी गोष्ट खात्याची. आपण इथं येऊन नवीन खातं उघडतो, पण सरकारी पैसे जातात ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात. पैसे आलेच नाहीत म्हणून रडणाऱ्या माझ्या एका वर्गमैत्रिणीचे पैसे गावच्या जुन्या खात्यात निवांत पडून होते, पासबुक आजीच्या ट्रंकेत!

राहिला नो-ड्यूजचा प्रश्न. वॉर्डन मॅडम आणि हॉस्टेल कमिटीच्या सरांना यातून एक विनंती करते. मेसचा ॲडव्हान्स ऑगस्टमध्ये एकदम घेण्याऐवजी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्याकडून तेव्हा एक तृतीयांश आणि उरलेला १५ जानेवारीपर्यंत घ्यावा. सातबारा जोडून अर्ज घ्या, खोटं कोणी बोलणार नाही. तोपर्यंत हॉलतिकीट अडवू नये. मेसच्या किराणा दुकानदाराला आपण तसेही दीड-दोन महिन्यांनी पैसे देतो, त्यामुळे मेस अडायची नाही. आम्ही तिघींनी याचा अर्ज लिहून ठेवला आहे, मेस सेक्रेटरीच्या खोलीत दाराजवळच्या टेबलावर आहे. आतापर्यंत एकेचाळीस सह्या झाल्या. कमिटीची मीटिंग तेवढी तुरी निघायच्या आत लागावी.